घरगुती फ्रीझर : सुरक्षित जोडणी आणि प्रारंभ

दिवसाचे चोवीस तास आणि वर्षाचे बाराही महिने वीजप्रवाहाला जोडलेली राहणारी उपकरणे घरात मोजकीच असतात. फ्रीज आणि फ्रीझर ही त्यांपैकी प्रमुख होत. रात्री घरातील सर्वजण झोपलेले असताना, तसेच कुटुंब गावाला गेलेले असतानाही ही यंत्रे चालू असतात. त्यामुळे त्यांची जोडणी करताना राहिलेली त्रुटी अनेकदा कोणी जवळ नसताना किंवा कोणी जागे नसताना उघडकीस येते.

चेन्नईलगतच्या चेंगलपट्टू जिल्ह्यातील ऊरप्पाक्कम येथे नोव्हेंबर २०२२ मध्ये घडलेल्या दुर्घटनेने या विषयाकडे सर्वांचे लक्ष वेधले गेले. दीर्घकाळ बंद असलेल्या सदनिकेत परतलेल्या एका कुटुंबातील तिघांचा, पहाटेच्या सुमारास फ्रीजमध्ये झालेल्या स्फोटानंतर घरात कोंडलेल्या धुराने मृत्यू झाला. अनेक महिने वापरात नसलेला फ्रीज पुन्हा सुरू करण्यात आला होता, असे प्राथमिक तपासाच्या वृत्तांतून पुढे आले. असे प्रसंग क्वचितच घडतात. तथापि जागा, वीजजोडणी आणि प्रारंभ या तीन बाबतीत योग्य काळजी घेतल्यास धोका मोठ्या प्रमाणात कमी करता येतो.

आइस हाउसपासून घरगुती फ्रीझरपर्यंत

गोठवलेल्या पदार्थांचे चेन्नईला असलेले आकर्षण जुने आहे. मरीना किनाऱ्यासमोर, तिरुवल्लिकेणी भागात उभी असलेली 'आइस हाउस' ही इमारत १८४२ च्या सुमारास बांधण्यात आली. अमेरिकेतील बोस्टन परिसरातील गोठलेल्या तलावांतून कापलेला बर्फ जहाजांनी मद्रासला येत असे आणि या गोलाकार, जाड भिंतींच्या वास्तूत साठवला जात असे. फ्रेडरिक ट्यूडर या व्यापाऱ्याने उभारलेला हा व्यवसाय, भारतातच यंत्राने बर्फ तयार होऊ लागल्यावर १८८० च्या सुमारास संपुष्टात आला. १८९७ मध्ये स्वामी विवेकानंदांचा मुक्काम याच इमारतीत होता. आज ती 'विवेकानंदर इल्लम' या नावाने ओळखली जाते.

आज तेच काम घराच्या कोपऱ्यातील एक पेटी करते. मासे, मटार, खोवलेले खोबरे किंवा आमरस महिनोन्‌महिने टिकवायचा असेल, तर फ्रीझरमधील तापमान उणे १८ अंश सेल्सिअस किंवा त्याहून कमी असावे लागते. बाहेर ४० अंश तापमान असताना आत उणे १८ अंश राखायचे म्हणजे सुमारे ५८ अंशांचा फरक सतत टिकवून धरायचा. ही उष्णता आतून बाहेर काढून खोलीत सोडणे हेच फ्रीझरचे कार्य आहे. जोडणीचे बहुतेक नियम या एका गोष्टीतून निघतात.

जागेची निवड

फ्रीझर ज्या खोलीत ठेवायचा, त्या खोलीच्या तापमानाला तो योग्य आहे की नाही, हे सर्वप्रथम पाहावे. उपकरणाच्या मागील किंवा आतील पट्टीवर 'हवामान वर्ग' नमूद केलेला असतो. 'एसएन' वर्ग १० ते ३२ अंश, 'एन' वर्ग १६ ते ३२ अंश, 'एसटी' वर्ग १६ ते ३८ अंश, तर 'टी' म्हणजे उष्ण कटिबंधीय वर्ग १६ ते ४३ अंश तापमानाच्या खोलीसाठी असतो. मे २००३ च्या अखेरीस चेन्नईत ४५ अंशांपर्यंत तापमान नोंदवले गेले आहे. अशा शहरात, तसेच नागपूर, चंद्रपूर किंवा जळगावसारख्या ठिकाणी 'टी' वर्गाचाच फ्रीझर घेणे योग्य ठरते. परदेशातून सामानासोबत आणलेल्या फ्रीझरच्या बाबतीत ही पट्टी विशेष काळजीपूर्वक वाचावी.

फ्रीझर थेट उन्हात, गॅसच्या शेगडीलगत अथवा ओव्हनच्या शेजारी ठेवू नये. मागे, दोन्ही बाजूंना आणि वर किती मोकळी जागा ठेवायची, हे माहितीपुस्तिकेत दिलेले असते. काही फ्रीझरमध्ये उष्णता बाहेर टाकणारी नळी मागे उघडी दिसते, तर अनेक आडव्या फ्रीझरमध्ये ती बाजूच्या पत्र्याच्या आत बसवलेली असते. त्यामुळे चालू स्थितीत या बाजू कोमट लागणे स्वाभाविक आहे. मात्र त्या भिंतीला चिकटवल्यास किंवा त्यांवर कापड टाकल्यास उष्णता अडते, कॉम्प्रेसर अधिक वेळ चालतो, वीज अधिक लागते आणि यंत्राचे आयुष्य घटते.

जमीन टणक आणि सपाट असावी. चारही पाय जमिनीला टेकलेले आहेत की नाही, हे पाणसळ ठेवून पाहावे आणि पायांचे स्क्रू फिरवून समतोल साधावा. यंत्र तिरके असल्यास आवाज आणि कंप वाढतो, तसेच झाकण किंवा दार नीट बसत नाही. दाराच्या कडेचे रबर नीट बसते की नाही, हे पाहण्याचा सोपा उपाय म्हणजे कागदाची पट्टी दारात धरून दार लावणे. पट्टी अलगद निघून आली, तर त्या ठिकाणी फट आहे असे समजावे.

चेन्नईसारख्या किनारी शहरात आणखी दोन बाबी विचारात घ्याव्या लागतात. पहिली बाब म्हणजे खारी हवा. बेझंट नगर, तिरुवान्मियूर यांसारख्या समुद्रालगतच्या वस्त्यांत, त्याचप्रमाणे मुंबई, अलिबाग किंवा रत्नागिरीच्या किनाऱ्यावर पत्रा, नळ्यांचे जोड आणि विजेचे संपर्कबिंदू लवकर गंजतात. म्हणून समुद्राकडील उघड्या गॅलरीत फ्रीझर ठेवणे टाळावे. दुसरी बाब म्हणजे पावसाचे पाणी. चेन्नईतील पावसाचा मोठा वाटा ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात ईशान्य मोसमी वाऱ्यांमुळे पडतो. तळमजल्यावर पाणी शिरण्याची शक्यता असल्यास फ्रीझर भक्कम चौथऱ्यावर ठेवावा आणि त्याचे सॉकेटही उंचावर घ्यावे.

वीजजोडणी

भारतात घरगुती वीजपुरवठा २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झचा असतो. घरगुती फ्रीझर चालू असताना फार वीज घेत नाही. परंतु कॉम्प्रेसर सुरू होण्याच्या क्षणी नेहमीच्या कित्येक पट प्रवाह ओढला जातो. सैल सॉकेट, जीर्ण तार किंवा हलकी जोडतार अशा वेळी तापते. म्हणून फ्रीझरसाठी भिंतीतील स्वतंत्र, तीन छिद्रांचे सॉकेट असावे. एक्स्टेंशन बोर्ड किंवा एकाच सॉकेटवर अनेक उपकरणे चालवणारा मल्टिप्लग वापरू नये. फ्रीझरची पिन १६ अँपिअरची असेल, तर सॉकेटही १६ अँपिअरचेच हवे. मधल्या अडॉप्टरने ती लहान सॉकेटमध्ये बसवणे धोकादायक आहे.

तिसरी, जाड पिन अर्थिंगची असते. फ्रीझरचा सांगाडा पत्र्याचा असल्याने आतील तारेचे आवरण खराब झाल्यास तो पत्रा विजेने भारित होऊ शकतो. अर्थिंग योग्य असेल, तर गळतीचा प्रवाह जमिनीत जातो. अर्थिंग नसेल, तर ओल्या हाताने दार उघडणाऱ्या माणसाच्या शरीरातून तो वाट काढतो. ही पिन कापणे किंवा दोन पिनांचा अडॉप्टर वापरणे म्हणजे ही संरक्षक व्यवस्थाच काढून टाकणे होय. सॉकेटमध्ये तिसरे छिद्र आहे, एवढ्यावरून अर्थिंग आहे असे मानू नये. अनेक जुन्या इमारतींत त्या छिद्रामागे तारच नसते. वाळूमिश्रित जमीन उन्हाळ्यात कोरडी पडली की अर्थिंगच्या खड्ड्याची कार्यक्षमता कमी होते, तर खाऱ्या जमिनीत त्यातील धातू गंजतो. यास्तव परवानाधारक वीजतंत्रज्ञाकडून अर्थिंगची प्रत्यक्ष मोजणी करून घ्यावी.

घरातील वीजफलकावर दोन प्रकारची संरक्षक साधने असणे इष्ट आहे. एमसीबी हे साधन प्रवाह प्रमाणाबाहेर वाढल्यास किंवा शॉर्टसर्किट झाल्यास पुरवठा तोडते. आरसीसीबी हे साधन प्रवाहाची गळती ओळखते. ३० मिलिअँपिअर क्षमतेचे आरसीसीबी गळती होताच क्षणार्धात पुरवठा बंद करून माणसाचा जीव वाचवू शकते. या दोन साधनांचे कार्य वेगळे असून एक दुसऱ्याची जागा घेऊ शकत नाही. आरसीसीबीवरील चाचणीचे बटण अधूनमधून दाबून ते कार्यरत असल्याची खात्री करावी.

व्होल्टेजमध्ये वारंवार चढउतार होत असल्यास स्टॅबिलायझर उपयुक्त ठरतो. वीज गेल्यानंतर लगेच परत आल्यास कॉम्प्रेसरमधील दाब समान झालेला नसतो. त्या स्थितीत मोटार सुरू होऊ शकत नाही आणि तापते. त्यामुळे पुरवठा परतल्यावर सुमारे तीन ते पाच मिनिटांनी वीज सोडणारा स्टॅबिलायझर निवडावा. फ्रीझर घरच्या इन्व्हर्टरवर चालवायचा असल्यास इन्व्हर्टरची क्षमता सुरुवातीचा वाढीव प्रवाह पेलण्याइतकी आहे का, हे आधी पाहावे.

प्रशीतक वायूचा प्रश्न

फ्रीझरच्या नळ्यांतून फिरणाऱ्या पदार्थाला प्रशीतक म्हणतात. बोलीभाषेत त्याला 'गॅस' असेच संबोधले जाते. पूर्वी वापरात असलेला आर-१२ हा वायू ओझोनच्या थराला घातक ठरल्याने १९८७ च्या माँट्रियल करारानुसार त्याचा वापर बंद होत गेला. त्यानंतर आलेला आर-१३४ए ओझोनला हानी पोहोचवत नाही. परंतु तो तापमानवाढीस मोठा हातभार लावतो. २०१६ च्या किगाली दुरुस्तीने अशा वायूंवरही मर्यादा आणल्या आणि भारताने २०२१ मध्ये या दुरुस्तीला मान्यता दिली. आता नव्या घरगुती फ्रीजमध्ये आणि फ्रीझरमध्ये आर-६००ए, म्हणजेच आयसोब्युटेन, मोठ्या प्रमाणावर वापरला जातो.

आयसोब्युटेन पर्यावरणाच्या दृष्टीने सौम्य आहे. मात्र तो ज्वलनशील असून हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचतो. हवेत त्याचे प्रमाण सुमारे १.८ टक्क्यांवर गेल्यास ठिणगीने पेट घेऊ शकतो. घरगुती यंत्रात त्याचे प्रमाण अल्प, बहुधा काही दशक ग्रॅम इतकेच असते. तरीही दर ८ ग्रॅम वायूमागे खोलीचे आकारमान किमान १ घनमीटर असावे, असा संकेत पाळला जातो. उदाहरणार्थ, ६० ग्रॅम वायू असलेल्या फ्रीझरला किमान साडेसात घनमीटरची खोली लागते. ३ मीटर लांब, अडीच मीटर रुंद आणि ३ मीटर उंच स्वयंपाकघर साडेबावीस घनमीटरचे असल्याने ते पुरेसे ठरते. याउलट दीड मीटर लांब, सव्वा मीटर रुंद आणि अडीच मीटर उंच अशी बंद कोठी पाच घनमीटरहून लहान असल्याने ती या कामासाठी अयोग्य होय. वायूचा प्रकार आणि त्याचे वजन फ्रीझरच्या पट्टीवर छापलेले असते. ज्वालेचे चिन्ह असलेला पिवळा त्रिकोण दिसल्यास वायू ज्वलनशील आहे असे समजावे.

याच कारणास्तव साचलेला बर्फ सुरी, स्क्रूड्रायव्हर किंवा अन्य टोकदार वस्तूने फोडू नये. पातळ नळीला छिद्र पडल्यास वायू थेट पेटीत आणि खोलीत पसरतो. बर्फाचा थर सुमारे अर्धा सेंटिमीटर झाला की फ्रीझर बंद करून तो आपोआप वितळू द्यावा. वायू पुन्हा भरण्याचे काम आर-६००ए चे प्रशिक्षण घेतलेल्या तंत्रज्ञाकडूनच करून घ्यावे आणि त्या जागी दुसरा वायू भरू देऊ नये.

वाहतूक आणि विश्रांती

कॉम्प्रेसरच्या तळाशी मोटारीला वंगण देणारे तेल असते. फ्रीझर आडवा करून नेल्यास हे तेल नळ्यांत शिरते. अशा स्थितीत यंत्र लगेच सुरू केल्यास मोटार वंगणाविना फिरते किंवा द्रवरूप तेल दाबण्याचा प्रयत्न करते आणि कॉम्प्रेसर निकामी होऊ शकतो. म्हणून उभ्या फ्रीझरची वाहतूक उभ्या स्थितीतच करावी. घरी आणल्यावर तो निदान दोन ते चार तास स्थिर उभा ठेवावा. वाटेत तो आडवा झाला असल्यास चोवीस तास थांबणे श्रेयस्कर ठरते. माहितीपुस्तिकेत वेगळा कालावधी दिला असल्यास तोच पाळावा.

या विश्रांतीच्या काळात आतील वेष्टने, थर्माकोल आणि चिकटपट्ट्या काढाव्यात. खाण्याचा सोडा मिसळलेल्या कोमट पाण्याने आतील भाग पुसून पूर्ण कोरडा करावा. वाहतुकीत तार पिळवटली किंवा यंत्राखाली दबली नाही ना, मागील नळ्या वाकल्या नाहीत ना, याची पाहणी करावी. तारेचे आवरण फाटलेले असल्यास चिकटपट्टी गुंडाळून यंत्र चालवू नये, तर तार बदलून घ्यावी.

पहिले चोवीस तास

विश्रांतीचा काळ संपल्यावर फ्रीझर रिकामाच सुरू करावा. पहिल्या तासाभरात जवळ थांबून आवाज, वास आणि उष्णता यांकडे लक्ष द्यावे. एकसंध गुणगुण, नळ्यांतील खळखळ, पत्र्याचा हलका कटकट आवाज आणि बाजूंचा कोमटपणा यांत काळजीचे कारण नाही. परंतु कॉम्प्रेसर दर काही सेकंदांनी 'टक' असा आवाज करून थांबत असल्यास, जळका वास आल्यास, पिन किंवा सॉकेट हाताला गरम लागल्यास अथवा पत्र्याला स्पर्श करताच झिणझिण्या जाणवल्यास यंत्राला हात न लावता मुख्य स्विचवरून पुरवठा बंद करावा आणि तंत्रज्ञाला बोलवावे.

फ्रीझरचे तापमान उणे १८ अंशांपर्यंत येण्यास काही तासांपासून ते एक दिवसापर्यंत वेळ लागतो. फलकावरील दिव्यावर विसंबून न राहता आत साधा तापमापक ठेवून खात्री करून घ्यावी. त्यानंतर प्रथम आधीच गोठवलेले पदार्थ ठेवावेत आणि ताजे पदार्थ थोडेथोडे भरावेत. चोवीस तासांत किती किलो ताजे अन्न गोठवता येते, तो आकडा पट्टीवर दिलेला असतो. त्याहून अधिक अन्न एकदम भरल्यास आतील तापमान वाढते आणि पूर्वीचे गोठलेले पदार्थही सैल पडतात. गरम अन्न थेट आत ठेवू नये. पाणी गोठताना सुमारे ९ टक्क्यांनी प्रसरण पावते, म्हणून काठोकाठ भरलेल्या काचेच्या बाटल्या ठेवणेही टाळावे.

दीर्घकाळ बंद असलेला फ्रीझर

कित्येक महिने बंद राहिलेला फ्रीझर नव्या यंत्रापेक्षा अधिक सावधगिरीची अपेक्षा ठेवतो. या काळात दमट हवेने संपर्कबिंदू गंजलेले असतात, उंदरांनी तारा कुरतडलेल्या असू शकतात, पाली किंवा झुरळे रिलेच्या पेटीत शिरलेली असतात आणि नळ्यांचे जोड झिरपू लागलेले असू शकतात. म्हणून बंद घरात परतल्यावर आधी सर्व दारे-खिडक्या उघडून हवा खेळती करावी आणि मगच विजेची बटणे चालू करावीत. फ्रीझरचे दारही काही वेळ उघडे ठेवावे. मागील भागाची धूळ काढून तार, पिन आणि सॉकेट तपासावे. एक वर्षाहून अधिक काळ बंद असलेले किंवा जुने झालेले यंत्र तंत्रज्ञाकडून तपासल्याखेरीज जोडू नये.

अशा यंत्राचा प्रारंभ दिवसा, घरातील माणसे जागी असताना करावा. पहिल्या रात्री ते चालू ठेवायचे झाल्यास झोपण्याच्या खोलीत ते असू नये आणि घराबाहेर पडण्याची वाट मोकळी असावी. वातानुकूलनासाठी सर्व खिडक्या बंद केलेल्या घरात धूर अतिशय वेगाने भरतो. आगीच्या अनेक घटनांत ज्वाळांपेक्षा धुरानेच अधिक बळी जातात, हे लक्षात ठेवणे आवश्यक आहे. याउलट, घर काही महिन्यांसाठी बंद करताना फ्रीझर रिकामा करून, पिन काढून, आतून कोरडा करून त्याचे दार किंचित उघडे ठेवावे.

पूर आणि वीजखंड

१ डिसेंबर २०१५ रोजी सुरू झालेल्या अतिवृष्टीत तांबरम येथे एका दिवसात ४९ सेंटिमीटर पाऊस नोंदवला गेला आणि अड्यार नदीकाठची वस्ती पाण्याखाली गेली. डिसेंबर २०१६ मधील 'वरदा' आणि डिसेंबर २०२३ मधील 'मिचाँग' या चक्रीवादळांच्या वेळीही चेन्नईच्या अनेक भागांत पुरवठा दीर्घकाळ खंडित राहिला. मुंबईने २६ जुलै २००५ रोजी आणि चिपळूणने जुलै २०२१ मध्ये अशीच स्थिती अनुभवली आहे.

पाणी घरात शिरण्याची चिन्हे दिसताच मुख्य स्विच बंद करावा. पाणी आत आल्यावर त्यात उभे राहून पिन काढण्याचा प्रयत्न करू नये. पाण्यात बुडालेला फ्रीझर वरून वाळलेला दिसला, तरी मोटारीच्या वेटोळ्यांत आणि उष्णतारोधक थरात ओल राहते. तंत्रज्ञाने वेष्टनरोध मोजून निर्वाळा दिल्याशिवाय तो सुरू करू नये. पुराच्या पाण्याच्या संपर्कात आलेले अन्न टाकून द्यावे.

केवळ वीज गेली असल्यास दार न उघडणे हाच उत्तम उपाय आहे. पूर्ण भरलेला फ्रीझर बंद ठेवल्यास सुमारे ४८ तास, तर अर्धा भरलेला सुमारे २४ तास थंडावा टिकवतो. गावाला जाताना वाटीभर पाण्याचा बर्फ करून त्यावर एक नाणे ठेवावे. परतल्यावर नाणे वाटीच्या तळाशी गेलेले आढळल्यास मधल्या काळात बर्फ वितळून पुन्हा गोठला आणि आतील मासे-मांस खाण्यास योग्य राहिले नाही, असा निष्कर्ष काढता येतो.

मुले आणि टाकाऊ फ्रीझर

आडव्या फ्रीझरच्या झाकणाला कुलूप असते. त्याची किल्ली फ्रीझरलाच अडकवून न ठेवता मुलांच्या हाताला न लागेल अशा जागी ठेवावी. जुना फ्रीझर अंगणात किंवा जिन्याखाली तसाच सोडून देणे धोक्याचे आहे. लपाछपी खेळताना मूल आत शिरल्यास हवाबंद पेटीत गुदमरण्याचा संभव असतो. म्हणून दार किंवा झाकण काढून टाकावे. टाकाऊ यंत्र भंगारवाल्याकडून फोडून घेण्याऐवजी, ई-कचरा नियमांनुसार नोंदणीकृत पुनर्चक्रणकर्त्याकडे सोपवावे. नळ्यांतील वायू आणि तेल तेथे सुरक्षितपणे काढून घेतले जाते.

आणीबाणीच्या वेळी

फ्रीझरमधून फुसफुस आवाज आल्यास किंवा वायू गळतीची शंका आल्यास त्या खोलीतील कोणतेही बटण चालू किंवा बंद करू नये, काडी ओढू नये, खिडक्या उघडून सर्वांना बाहेर काढावे आणि शक्य असल्यास खोलीबाहेरील मुख्य स्विच बंद करावा. यंत्राने पेट घेतल्यास त्यावर पाणी ओतू नये. आग लहान असेल आणि बाहेर पडण्याची वाट पाठीशी मोकळी असेल, तरच कार्बन डायऑक्साइड किंवा कोरड्या भुकटीचे अग्निशामक वापरावे. अन्यथा दार ओढून घेऊन बाहेर पडावे, शेजाऱ्यांना सावध करावे आणि १०१ किंवा ११२ या क्रमांकावर अग्निशमन दलाला कळवावे. धूर भरलेल्या खोलीत सामान वाचवण्यासाठी परत जाऊ नये.